इस्त्री नव्हे, खेळण्यातल्या गाड्या

डोंबिवलीत माझी व्हिडिओ कॅसेट लायब्ररी होती, केबल घरोघरी पोचायच्या आधी. शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकांची रीघ लागायची आणि त्यातल्या प्रत्येक आईचा प्रश्न एकच असायचा, ‘‘दादा, मुलांसमोर लावायला बरी आहे ना?’’ या ‘बरी’मध्ये काय काय बसतं ते तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चुंबन नको, पावसातलं गाणं नको, शिव्या नकोत. मारामारीबद्दल कुणी चकार शब्द विचारत नसे. नायकाने गोदामात वीस-पंचवीस गुंड लोळवले तरी सिनेमा घरगुतीच. मी कॅसेटच्या पाठीवर पेन्सिलीने खूण करून ठेवायचो. ‘घ’ म्हणजे घरगुती, ‘ज’ म्हणजे जरा जपून. काही कॅसेटवर काहीच नसे. त्या गल्ल्याखाली असत.

‘होम अलोन’ची कॅसेट दुकानात आली (कुठून आली ते विचारू नका, त्या धंद्यात तसं विचारायची पद्धत नव्हती) आणि रॅकवर टिकेनाशी झाली. दिवाळी असो, नाताळ असो, मे महिना असो, सुट्टी लागली की तिला नंबर लावावा लागे. काही महिन्यांतच शेवटच्या भागात पडद्यावर पांढरे पट्टे दिसायला लागले. मुलं चोरांची फजिती तेवढीच मागे घेऊन घेऊन बघत, फीत तिथेच झिजायची. तिच्या पाठीवर अर्थातच ‘घ’ होता.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून मुलीचा फोन आला. ‘‘बाबा, पोरांना नाताळची सुट्टी लागलीय. ‘होम अलोन’ लावू का? धाकटा अजून सहाचाच आहे. तो इस्त्री तोंडावर पडण्याचा सीन वगैरे...’’ आता आया चुंबनाचं विचारत नाहीत. भीती वाटेल का, हिंसा शिकतील का, मनावर काही राहील का, हे विचारतात. प्रश्न सुधारला आहे, मात्र उत्तर अजूनही एका अक्षरात हवं असतं. म्हटलं, थांब, मीच येतो, एकत्र बघू.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. शिकागोजवळचं सुखवस्तू उपनगर. मॅककॅलिस्टर कुटुंब, काका-काकू-चुलत भावंडं धरून पंधराएक माणसं, नाताळसाठी पॅरिसला निघालं आहे. आदल्या रात्री पिझ्झ्यावरून भांडण होतं आणि आठ वर्षांच्या केव्हिनला आई शिक्षा म्हणून माळ्यावरच्या खोलीत पाठवते. रात्री वादळी वाऱ्याने वीज जाते, घड्याळांचे गजर वाजत नाहीत, सकाळी घरात नुसती पळापळ. दारात पोरांची मोजदाद होते तेव्हा शेजारचं एक आगाऊ कार्टं गाडीतल्या सामानात डोकं खुपसून उभं असतं. केव्हिन म्हणून तेच मोजलं जातं. विमान समुद्रावर पोचल्यावर आईला कळतं की आपण मुलालाच विसरलो. इकडे केव्हिन घरात एकटा, आणि सुट्टीला गेलेल्यांची घरं फोडणारे दोन चोर, हॅरी आणि मार्व्ह, नेमके त्याच गल्लीत.

लेखक जॉन ह्यूज यांना ही कल्पना स्वतःच्या घरच्यांबरोबर सहलीला निघताना, काय काय विसरायचं नाही याचा विचार करत असताना सुचली. दिग्दर्शन ख्रिस कोलंबसचं, संगीत जॉन विल्यम्सचं. खर्च वाढतो आहे म्हणून एका मोठ्या स्टुडिओने ऐनवेळी हात वर केले आणि दुसऱ्याने चित्रपट उचलला. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरमध्ये झालेला हा सिनेमा नोव्हेंबर १९९० मध्ये लागला आणि जगभरात त्याने ४७ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. पुढची वीसेक वर्षं खऱ्या नटांच्या कुठल्याही विनोदी चित्रपटाला तो आकडा ओलांडता आला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याला जागा दिली. तेव्हा सिनेमा चांगला की वाईट, हा वाद आपण घालत बसायला नको. तो फार चांगला सिनेमा आहे. प्रश्न सहा वर्षांच्या मुलाचा आहे.

आधी प्रमाणपत्राचं बघू, कारण लोक तिथेच थांबतात. अमेरिकेत ‘होम अलोन’ला ‘पीजी’ मिळालं, म्हणजे काही भाग मुलांना योग्य नसेल, आईबापांनी बघून ठरवावं. ही ‘पीजी’ची चौकट फार ऐसपैस होती. १९८४ मध्ये ‘इंडियाना जोन्स’च्या दुसऱ्या भागात छातीतून काळीज उपटून काढलेलं बघून आईबाप खवळले आणि तेव्हा कुठे तेरा वर्षांची वेगळी पायरी, ‘पीजी-१३’, तयार झाली. आपल्याकडेही सेन्सॉरच्या २०२४ च्या नियमांत ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे झाले. चांगलंच झालं. पण ही मंडळी मोजतात काय? शिव्या, रक्त, अंगप्रदर्शन, नशापाणी. माझ्या ‘घ’ आणि ‘ज’चा हिशोब थोड्या अधिक शिस्तीने. तुमच्या घराचा जिना किती निसरडा आहे किंवा तुमचा मुलगा आई दोन दिवस गावाला गेली की रात्री उठून बसतो का, हे त्यांना कसं कळणार?

त्या हिशोबात मात्र ‘होम अलोन’ खरोखर सोज्वळ आहे. हॅरीचं काम करणारा जो पेशी त्याच वर्षी ‘गुडफेलाज’मध्ये शिव्यांची लाखोली वाहत होता आणि त्या भूमिकेने त्याला ऑस्कर मिळालं. इथे लहान मुलांचा सिनेमा म्हणून त्याने शिवीच्या जागी तोंडातल्या तोंडात अगम्य काहीतरी पुटपुटायची युक्ती काढली आणि ती शिवीपेक्षा जास्त हसवते. थोडे उणे-अधिक शब्द आहेत. मोठ्या भावाच्या खोलीत एक अश्लील मासिक क्षणभर दिसतं आणि केव्हिन नाक मुरडून ते टाकून देतो. रक्ताचा थेंब शोधून सापडत नाही.

आता आमच्या दिवाणखान्यात काय झालं ते. दहा वर्षांची नात खाली सतरंजीवर, सहा वर्षांचा नातू सोफ्यावर माझ्या आणि मुलीच्या मध्ये. मुलगी रिमोट हातात धरून, इस्त्रीचा सीन आला की पुढे ढकलायच्या तयारीत. पण नातू पहिल्यांदा माझ्या मांडीवर चढला तो चोर यायच्या कितीतरी आधी, तळघरातल्या भट्टीपाशी. तिकडच्या थंड मुलखात घर उबदार ठेवायला तळघरात भट्टी असते. केव्हिनला ती गुरगुरताना आणि तोंड उघडून हसताना दिसते. पाचेक सेकंदांचं काम. पोराने माझा शर्ट मुठीत धरला. दुसऱ्यांदा तो घाबरला तो शेजारच्या मार्ली म्हाताऱ्याला. मोठा भाऊ सांगतो की या म्हाताऱ्याने फावड्याने माणसं मारली आणि बर्फावर टाकायच्या मिठात मुरवली. मग तो म्हातारा फावडं घेऊन पडद्यावर आला की नातू डोळे झाकायचा. आणि सिनेमाभर थोड्याथोड्या वेळाने एकच प्रश्न, ‘‘आई, त्याची आई त्याला विसरली कशी?’’ मुलीने सांगितलं, गडबडीत. थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘पण कशी?’’

इस्त्रीला मात्र तो खदखदून हसला. रिमोट तसाच हातात राहिला.

इथेच आपण मोठी माणसं चुकीच्या जागी पहारा देत असतो. लहान मुलाच्या दृष्टीने या सिनेमातली सगळ्यात भीषण घटना पहिल्या अर्ध्या तासात घडून जाते. केव्हिन रागाच्या भरात म्हणतो की मला घरात कुणीच नको, सगळे गायब व्हा. सकाळी उठतो तर घर रिकामं. त्याला वाटतं, आपल्या इच्छेनेच झालं. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचाराचं जे वर्णन केलं आहे, त्यात साधारण दोन ते सात या वयात नेमकी हीच धारणा सापडते. मी मनात आणलं म्हणून ते घडलं. आजी आजारी पडली कारण मी तिच्यावर चिडलो होतो. चार-पाच वर्षांचं पोर रुसून ‘आई, तू जा’ म्हणतं तेव्हा आपण हसतो. त्याच पोराला पडद्यावर तसं म्हणताच खरोखर गेलेली आई दाखवायची, तर जवळ बसून ती परत कशी आली हे सांगायला कुणीतरी हवं. आठ वर्षांच्या पुढे हाच भाग गमतीचा होतो. केव्हिन पलंगावर उड्या मारतो, आइस्क्रीम खातो, मोठ्यांचा सिनेमा लावतो. माझी नात तिथे जशी हसली तसं तिला शाळेत पहिला नंबर आल्यावरही हसताना पाहिलेलं नाही.

तिला दुसरंच काहीतरी लागलं. पिझ्झ्याच्या रात्री घरातले सगळे केव्हिनवर तुटून पडतात. भाऊ मुद्दाम त्याचा वाटा खाऊन टाकतो, चुलत भावंडं चिडवतात, काका भर घरात पाणउतारा करतो आणि आई शिक्षा देते ती त्याला एकट्याला. ‘‘त्याचं काय चुकलं?’’ नातीने विचारलं. काही चुकलं नव्हतं. मग भावाच्या मैत्रिणीच्या फोटोचा प्रसंग आला. फोटोतली मुलगी दिसायला बरी नाही म्हणून केव्हिन तोंड वाकडं करतो आणि प्रेक्षक हसतात. यामागची हकीकत अशी की कुठल्याही खऱ्या मुलीला असं हसणं क्रूर होईल म्हणून कोलंबसने एका मुलाला टोप घालून तो फोटो काढवला. फोटोतल्या मुलीचा विचार झाला, समोर बसून बघणाऱ्या मुलींचा राहिला. नात त्या प्रसंगाला हसली नाही. तिच्या दातांना तारा लागल्यात. या जागेबद्दल कुठलंच प्रमाणपत्र तुम्हाला सावध करणार नाही.

आणि आता तो शेवटचा भाग, जिथे माझ्या कॅसेटची फीत झिजायची.

दाराची मूठ लाल होईपर्यंत तापवलेली, पायऱ्यांवर पाणी ओतून गोठवलेला बर्फ, तळघराच्या जिन्यावर डांबर आणि त्यात उभा खिळा, दार उघडताच डोक्यावर पेटणारा ब्लोटॉर्च, दोरीला टांगून सोडलेले रंगाचे डबे, खिडकीखाली पसरलेले काचेचे शोभेचे गोळे आणि त्यावर मार्व्हचे अनवाणी पाय. खरं सांगायचं तर यातला एकेक मार माणसाला दवाखान्यात नाही तर स्मशानात पोचवायला पुरेसा आहे. वरच्या मजल्यावरून इस्त्री तोंडावर पडली तर चेहऱ्याची हाडं मोडतात. तापलेल्या लोखंडी मुठीवर तळहात क्षणभर टेकला तरी कातडं सोलून निघतं. इथे हॅरीच्या तळव्यावर ‘एम’ अक्षर तेवढं उमटतं आणि तो बर्फात हात बुडवून मागच्या दाराकडे जातो.

हसू येतं ते याच हिशेबामुळे. रक्त नाही, जखम पुढच्या प्रसंगापर्यंत टिकत नाही, मार खाणारे चोर आहेत आणि मारणारा त्यांच्या निम्म्या उंचीचा आहे. ‘टॉम अँड जेरी’चाच नियम, फक्त माणसांना लावलेला. सातेक वर्षांच्या पुढची बहुतेक मुलं तो बरोबर ओळखतात. माझं एक निरीक्षण सांगतो. ब्लोटॉर्चला मुलं हसतात, खिळ्याला कळवळतात. आग डोक्यावर घेतलेली त्यांनी कधी अनुभवलेली नसते. पायात काही घुसलेलं माहीत असतं. मार्व्हचा पाय खिळ्यावर पडला तेव्हा आमच्याकडे दोन्ही पोरांनी आपापले पाय पोटाशी घेतले. हे चांगलं लक्षण आहे. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळतंय, याचा तो पुरावा. सगळ्यालाच सारखं हसणाऱ्या मुलापेक्षा मला हे मूल बरं वाटतं.

मग मुलं नक्कल करतात का? करतात. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला बडवायला लावलं. नंतर मुलांना त्याच बाहुल्यापाशी सोडलं तर बऱ्याच जणांनी तसंच बडवलं, अगदी त्याच हातोडीने, तेच शब्द बोलत. १९६३ मध्ये हीच मारहाण फिल्मवर दाखवली, तरी नक्कल झालीच. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा प्रयोग. फिल्ममधल्या मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली की मुलं कमी मारत. पण ‘त्याने काय केलं ते करून दाखव, खाऊ देतो’ म्हटल्यावर त्यांनीही सगळं करून दाखवलं. म्हणजे शिकलेलं असतंच, वापरायचं की नाही हा पुढचा प्रश्न. केव्हिनला तर शिक्षा होत नाहीच, तो जिंकतो. अर्थात, हवेचा बाहुला मारण्यासाठीच बनवलेला असतो आणि बाहुल्याला मारणारं मूल माणसाला मारेलच असं नाही, ही त्या प्रयोगावरची टीकाही रास्त आहे. म्हणून ‘हा सिनेमा बघून मुलं हिंसक होतात’ असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलं उचलतात ते सगळ्यात भयंकर नव्हे, सगळ्यात सोपं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो तर बेडरूमच्या उंबऱ्याच्या आत खेळण्यातल्या छोट्या गाड्या ओळीने मांडलेल्या. सिनेमात चोर जिन्याखाली अशाच गाड्यांवरून घसरून सपशेल आडवे होतात. नातवाने सापळा लावला होता आणि पडद्यामागे लपून बसला होता. त्या खोलीत झोपली होती माझी बायको. वय सदुसष्ट, हाडं ठिसूळ झालेली, डॉक्टरांनी पडू नका म्हणून बजावलेलं. या वयात खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, वॉकर आणि महिनोन्‌महिने परावलंबन. ब्लोटॉर्च आमच्या घरात नाही. गरम इस्त्रीला हात लावायचा नाही हे पोराला रांगत होता तेव्हापासून माहीत आहे. गाड्या मात्र टोपलीभर आहेत आणि त्याबद्दल त्याला कधी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात सापळ्यात चोर सापडणार नाही, आजी सापडेल.

याच नजरेने सिनेमा पुन्हा आठवून बघा. भावाचे पैसे काढायला केव्हिन भिंतीवरच्या फळ्यांवर पाय देत वर चढतो आणि सगळ्या फळ्या त्याच्यासकट कोसळतात. तो अंग झटकून उठतो. हा प्रसंग कुणाच्या लक्षातही राहत नाही. प्रत्यक्षात, ड्रॉवरची कपाटं अंगावर कोसळून लहान मुलं दगावल्यामुळे २०१६ मध्ये इकिया कंपनीला एकट्या अमेरिकेतून सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलवावी लागली. आपल्याकडे खालचे ड्रॉवर उघडून पायऱ्या करत वरचा डबा काढणारं पोर कुठल्या घरात नाही? केव्हिन बर्फावरच्या घसरगाडीवर बसून जिन्यावरून थेट दाराबाहेर जातो. ती घसरगुंडी केली होती लहान चणीच्या एका प्रौढ स्टंटमॅनने.

सगळ्यात जास्त मी घाबरतो तो फटाक्यांच्या प्रसंगाला. मार्व्हला गोळीबार वाटावा म्हणून केव्हिन एका पातेल्यात फटाके पेटवतो. अमेरिकी आईला यात फारसं काही दिसणार नाही. मराठी आईने मात्र सावध व्हावं, कारण आपल्याकडे दिवाळीत डबा किंवा नारळाची करवंटी उपडी घालून बॉम्ब लावायची हौस आधीच आहे. भांडं फुटलं की त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात आणि ते बघायला वाकलेल्याच्या डोळ्यात जातात. दिवाळीच्या सुट्टीत हा सिनेमा लावणार असाल तर त्या जागी थांबवा आणि बोला. इस्त्रीपाशी थांबवायची गरज नाही.

‘थांबवून बोला’ म्हणजे प्रवचन नव्हे, हे सांगायला हवं. सिनेमा दर पाच मिनिटांनी थांबवून बोधामृत पाजणारे बाप मी पाहिलेत, त्यांची पोरं नंतर शेजारच्यांकडे जाऊन सिनेमा बघायची. मी नातवंडांना सिनेमा संपल्यावर विचारलं की हे सगळं केलं कसं असेल. मग सांगितलं, मार्व्हचं काम करणाऱ्या डॅनियल स्टर्नने काचांवर चालताना रबराचे पाय घातले होते आणि काचाही खऱ्या नव्हत्या. बर्फावरून उताणे पडणारे स्टंटमॅन मात्र खरंच पडले आणि ते पडताना सेटवर कुणी हसत नव्हतं, सगळे श्वास रोखून बघत. केव्हिन मार्व्हच्या तोंडावर कोळी सोडतो, तो खरा होता. कोळी बिथरू नये म्हणून स्टर्नने तेव्हा नुसतंच तोंड उघडलं, किंकाळी नंतर आवाजात भरली. नातू तासभर रबरी पायांचंच बोलत होता. जादू कशी केली हे कळलं की मूल करून बघण्यापेक्षा विचारायला लागतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट नातीने काढली. ‘‘त्याने पोलिसांना फोन का नाही केला?’’ बरोबर. सिनेमाने याची सोय धूर्तपणे करून ठेवली आहे. सुरुवातीला घरात येऊन विचारपूस करणारा पोलीस म्हणजे गणवेशातला हॅरीच असतो. पुढे केव्हिनच्या हातून दुकानातून चुकून टूथब्रश उचलला जातो आणि खरा पोलीस मागे लागतो, त्यामुळे तो पोलिसांना भिऊन असतो. आई पॅरिसहून फोन करते तर तिला या खात्यातून त्या खात्यात टोलवतात (हा विनोद आपल्याला समजावून सांगावा लागत नाही), शेवटी एक हवालदार येतो, दार वाजवतो आणि कुणी नाही म्हणून निघून जातो. शेवटी पोलिसांना बोलावतो तो केव्हिनच, पण बहुतेक सापळे वापरून झाल्यावर. आम्ही त्याच संध्याकाळी दोन्ही पोरांकडून नंबर पाठ करून घेतले. कुठल्याही संकटाला ११२, मुलांच्या मदतीला १०९८. घरात एकटं असताना दाराशी अनोळखी माणूस आला तर सापळा लावायचा नाही. दार उघडायचं नाही आणि फोन करायचा.

एक भाग असा आहे, जो मुलं पाणी प्यायला उठून जातात म्हणून हमखास हुकतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी केव्हिन चर्चमध्ये जातो आणि तो भीतिदायक मार्ली म्हातारा त्याच्या शेजारी येऊन बसतो. कळतं की त्याने कुणाला मारलेलं नाही. मुलाशी भांडण झालंय, बोलणं बंद आहे, आणि नात गाते ती ऐकायला तो चोरून येतो. आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचा म्हातारा एकमेकांना आपापली भीती सांगतात. एकाला तळघराची, दुसऱ्याला मुलाने फोनवर झिडकारण्याची. हाणामारीच्या सिनेमात असा प्रसंग घालायला धाडस लागतं. पुढे चोरांच्या तावडीतून केव्हिनला सोडवतो तोही हाच म्हातारा, त्याच फावड्याने. म्हणजे पोरगा सापळ्यांनी शेवटपर्यंत जिंकतच नाही, त्याला शेजारी लागतो. हे मुलांच्या ध्यानात आणून द्या. नातवाने पहिल्या अर्ध्यात ज्याला बघून डोळे झाकले होते, त्याला शेवटी केव्हिनबरोबर हात केला.

तर माझा निकाल असा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ‘होम अलोन’ नको, मारामारीसाठी नव्हे, आई हरवण्यासाठी. सहा-सातच्या मुलाला मोठं माणूस शेजारी असेल तर चालेल, मोठं माणूस म्हणजे मोबाईलवर मान घातलेलं नव्हे. आठच्या पुढे बिनधास्त. वयाला एक अपवाद. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, आईबाप वेगळे होत असतील, किंवा मूल खरोखरच कधी जत्रेत-स्टेशनवर हरवलं असेल, तर दहाव्या वर्षीही घाई करू नका. सिनेमा पळून जात नाही. आणि बघून झाल्यावर झोपायच्या आधी जमिनीवरच्या गाड्या टोपलीत भरून टोपली वर ठेवा.

दुसऱ्या भागाचंही विचारतात म्हणून सांगतो. १९९२ चा ‘होम अलोन २’ न्यूयॉर्कमध्ये घडतो, गोष्ट जवळपास तीच, मार जास्त बेदम. त्यात केव्हिन इमारतीच्या गच्चीवरून खाली उभ्या चोरांना विटा फेकून मारतो. एकामागून एक, मार्व्हच्या डोक्यात, आणि तो दर वेळी उठतो. आपली मुलं चौथ्या-सातव्या-बाराव्या मजल्यावर राहतात, गॅलरीत कुंड्या आहेत, गच्चीवर बांधकामाच्या उरलेल्या विटा आहेत आणि खाली माणसं चालतात. माझं दुकान आज चालू असतं तर पहिल्या भागाचा ‘घ’ मी राहू दिला असता. दुसऱ्यावर ‘ज’ लिहून दहा वर्षांखालच्या पोरांच्या घरी तो दिला नसता.